मेंदूच्या इजेनंतरचे पुनर्वसन : सुधारणा मोजायची केव्हा आणि कशाने?

मेंदूला जबर मार लागलेला रुग्ण पुनर्वसन विभागातून घरी जातो, तेव्हा त्याच्या डिस्चार्ज कार्डावर ‘प्रकृतीत सुधारणा’ असा शेरा असतो आणि तो खराही असतो. दाखल झाला तेव्हा नाकातल्या नळीवाटे अन्न घेणारा, कूस बदलायलाही दोन माणसांची मदत लागणारा हा रुग्ण आता आपल्या हाताने जेवत असतो आणि काठीच्या आधाराने संडासापर्यंत जात असतो. सहा महिन्यांनी त्याच्या घरच्यांना विचारले, तर ते सांगतात की तो चालतो-बोलतो सगळे, पण हाती घेतलेले एक काम धड पुरे करत नाही, क्षुल्लक गोष्टीवरून अंगावर धावून येतो आणि सकाळी ठरलेले दुपारी विसरतो. शेरा आणि तक्रार ही दोन्ही एकाच माणसाबद्दलची आहेत आणि दोन्ही खरी आहेत. रुग्णालयात ठेवून केलेल्या पुनर्वसनाचा नेमका किती उपयोग होतो, या प्रश्नाला संशोधकांनी गेल्या पन्नास वर्षांत वेगवेगळी उत्तरे दिली. त्या वेगळेपणाचे बरेचसे कारण सुधारणा केव्हा मोजली, कोणत्या पट्टीने मोजली आणि कोणाला विचारून मोजली, यात सापडते.

अपघातानंतरच्या पहिल्या तासांत जी पट्टी वापरतात, तिचे नाव बातम्यांमुळे पुष्कळांच्या कानावरून गेलेले असते. ‘ग्लासगो कोमा स्केल’ ही शुद्धीची पातळी मोजणारी पट्टी ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या ग्लासगोच्या न्यूरोसर्जननी १९७४ साली मांडली. डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५ आणि हातापायांच्या हालचालीला ६ असे जास्तीत जास्त १५ गुण. काहीच प्रतिसाद नसला तरी ३ गुण मिळतातच. ८ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे गंभीर इजा, ९ ते १२ मध्यम आणि १३ ते १५ सौम्य. पुढच्याच वर्षी जेनेट यांनी मायकेल बाँड यांच्याबरोबर दुसरी पट्टी केली. तिचा प्रश्न वेगळा होता : काही महिने उलटल्यावर हा माणूस कुठे पोचला? मृत्यू, भानाविना जागृत अवस्था, गंभीर अपंगत्व, मध्यम अपंगत्व आणि चांगली सुधारणा अशा तिच्या पाच पायऱ्या होत्या. पुढे तिच्या आठ पायऱ्या केल्या गेल्या, आणि मेंदूच्या इजेवरच्या बहुतेक मोठ्या अभ्यासांत आजही तीच वापरतात. पट्टी ओबडधोबड आहे हे तिच्या कर्त्यांनाही ठाऊक होते. तिचा गुण इतकाच की कोणत्याही देशातला डॉक्टर ती वापरू शकतो आणि मेलेला, खाटेला खिळलेला आणि कामावर परतलेला असे सगळे रुग्ण तिच्यात एका ओळीत मांडता येतात.

पुनर्वसन विभागात काम करणाऱ्यांना मात्र कोमाच्या गुणांपेक्षा दुसरी एक गोष्ट अधिक सांगून जाते. शुद्धीवर आल्यानंतरही कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे, रुग्णाच्या मेंदूत नवी आठवण टिकत नाही. तो बोलतो, माणसे ओळखतो, पण काल भेटायला कोण आले होते ते त्याला सांगता येत नाही आणि आपण रुग्णालयात आहोत हेही अनेकदा पटत नाही. या काळाला ‘अपघातोत्तर स्मृतिलोप’ म्हणतात. तो किती दिवस टिकला यावरून इजेची खोली कळते, हे ऑक्सफर्डचे रिची रसेल यांनी १९३०च्या दशकापासून दाखवून द्यायला सुरुवात केली. ढोबळ हिशेब असा : स्मृतिलोप एका तासाच्या आत संपला तर इजा सौम्य, दिवसभरात संपला तर मध्यम, आठवड्याच्या आत संपला तर गंभीर आणि त्याहून लांबला तर अतिगंभीर. पुनर्वसन विभागात दाखल होणारे बरेच रुग्ण या शेवटच्या गटातले असतात.

स्मृतिलोप संपला हे ठरवण्याची ऑस्ट्रेलियात रूढ झालेली ‘वेस्टमीड’ पद्धत साधी आहे आणि पाहण्यासारखी आहे. थेरपिस्ट रोज रुग्णाला बारा प्रश्न विचारतो. त्यांपैकी सात त्याचे वय, जन्मतारीख, महिना, वार, वर्ष, दिवसाची वेळ आणि ठिकाण यांबद्दलचे असतात. उरलेल्या पाचांत थेरपिस्टचा चेहरा, त्याचे नाव आणि आदल्या दिवशी दाखवलेली तीन चित्रे आठवावी लागतात. सलग तीन दिवस बारापैकी बारा गुण मिळाले, की त्या तीन दिवसांतल्या पहिल्या दिवशी स्मृतिलोप संपला असे मानतात. नातेवाइकांना हे कधी कधी पोरखेळ वाटते, कारण आपला माणूस तर गावाकडच्या जुन्या गोष्टी तपशिलाने सांगत असतो. जुन्या आठवणी शाबूत असणे आणि नवी आठवण साठणे ही मेंदूची दोन निराळी कामे आहेत, आणि पुनर्वसनात जे काही शिकायचे असते, चालण्याच्या नव्या पद्धतीपासून ते औषधांच्या वेळांपर्यंत, ते सगळे दुसऱ्या कामावर अवलंबून असते.

डोक्याला मार लागल्यावर मेंदूत नेमके काय होते, हे समजले की पुढचे बरेच उलगडते. पक्षाघातात एक रक्तवाहिनी बंद पडते किंवा फुटते आणि तिच्या हद्दीतला भाग मरतो, म्हणून एका बाजूचे हातपाय जातात किंवा वाचा जाते. अपघातात मात्र कवटी अचानक थांबते किंवा गरकन वळते आणि आतला मऊ मेंदू आपल्या वेगाने पुढे जात राहतो. कवटीचा तळ कपाळामागे आणि कानशिलांच्या आत खडबडीत आहे. त्यामुळे मेंदूचे पुढचे आणि बाजूचे खालचे भाग तिथे घासले जातात आणि ठेचले जातात. शिवाय मेंदू पिळवटल्यामुळे दूरदूरच्या भागांना जोडणारे लांब तंतू ताणले जाऊन ठिकठिकाणी तुटतात, आणि ही तुटफूट सीटी स्कॅनमध्ये बहुधा दिसतही नाही. म्हणून हातापायांची ताकद बऱ्यापैकी परत येते. मागे राहते ते पुढच्या भागाचे काम, म्हणजे सुरुवात करणे, क्रम लावणे, मध्येच आवरणे, चूक ओळखून मार्ग बदलणे.

अशा रुग्णाला पुनर्वसन विभागात एकटा डॉक्टर पुरत नाही. फिजिओथेरपिस्ट, रोजची कामे पुन्हा करायला शिकवणारा ऑक्युपेशनल थेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट, मेंदू आणि वर्तन यांचा अभ्यास असलेला मानसशास्त्रज्ञ, नर्स आणि समाजसेवक असे पथक पुनर्वसनतज्ज्ञाच्या देखरेखीखाली एकत्र काम करते. अमेरिकेत अशा विभागात रुग्णाला प्रवेश देताना, तो आठवड्यातले पाच दिवस रोज साधारण तीन तास थेरपी झेपवू शकेल का, हे पाहिले जाते. गिळण्याची तपासणी करून नळी काढणे, श्वासासाठी घशाला पाडलेल्या छिद्रातली नळी टप्प्याटप्प्याने बंद करणे, आखडलेल्या स्नायूंना सैल करणे, पाठीवर जखमा होऊ न देणे, ही कामे कानाला किरकोळ वाटली तरी रुग्ण घरी कोणत्या अवस्थेत जाणार हे पुष्कळदा त्यांच्यावरच ठरते.

या मुक्कामातला एक टप्पा घरच्यांना फार घाबरवतो. कॅलिफोर्नियातल्या डाउनी येथील रँचो लॉस अमिगोस रुग्णालयाने १९७२ साली शुद्धीवर येण्याच्या आठ पायऱ्या लिहून काढल्या. त्यांतली चौथी पायरी गोंधळलेल्या आणि बिथरलेल्या रुग्णाची. तो नळ्या उपटतो, शिव्या देतो, आयुष्यात कधी कोणावर हात न उगारलेला माणूस नर्सला मारायला धावतो. नातेवाइकांना वाटते की प्रकृती बिघडली; प्रत्यक्षात निपचित पडलेल्या तिसऱ्या पायरीवरून तो वर चढलेला असतो. अशा वेळी खोली शांत ठेवणे, भेटायला येणाऱ्यांची गर्दी टाळणे, शक्यतो रोज तीच माणसे जवळ असणे यावर अनुभवी विभागांचा भर असतो. गुंगीची औषधे ते जपून वापरतात. त्यामागे जुने संशोधन आहे : डेनिस फीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली दाखवले की मेंदूच्या हालचाल-केंद्राला इजा झालेल्या उंदरांना हॅलोपेरिडॉल हे बिथरलेल्यांना शांत करणारे औषध दिले, तर अरुंद फळीवरून चालण्याची त्यांची क्षमता परत यायला वेळ लागतो. उंदरांवरचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही, पण सावध होण्यापुरता तो पुरला.

आता त्या ‘सुधारणा’ शब्दामागच्या आकड्याकडे वळू. जगभरच्या पुनर्वसन विभागांत कित्येक वर्षे एकच मोजपट्टी राज्य करत होती. तिचे लघुनाव ‘फिम’ (फंक्शनल इंडिपेंडन्स मेझर). रोजच्या जगण्यातली अठरा कामे, प्रत्येकाला १ ते ७ गुण, म्हणजे एकूण १८ ते १२६. गुण द्यायची रीत काटेकोर आहे. शर्ट घालण्याचे उदाहरण घ्या. रुग्ण कपाटातून शर्ट काढून, घालून, गुंड्या लावून वाजवी वेळात मोकळा झाला तर ७. हेच त्याने केले, पण फार वेळ लागला किंवा एखादे साधन लागले, तर ६. कोणी शर्ट काढून समोर ठेवावा लागला, किंवा ‘आता दुसरा हात घाला’ अशी आठवण करून द्यावी लागली, तर ५. एखादी गुंडी लावायला कोणी हात लावला की ४. तिथून खाली रुग्ण स्वतः किती टक्के काम करतो यावर गुण घसरतात, आणि पाव हिस्साही करत नसेल तर १. दाखल होताना ५० आणि घरी जाताना ९५ गुण असले, तर ४५ गुणांची सुधारणा झाली असे म्हणतात. काही ठिकाणी तिला मुक्कामाच्या दिवसांनी भागून रोजची सुधारणा काढतात आणि विमा कंपन्यांना तो आकडा साहजिकच आवडतो.

या आकड्याला मी कमी लेखत नाही. शर्टाच्या गुंडीला कोणाचा हात लागतो की नाही, यावर त्या घरातल्या दुसऱ्या माणसाची नोकरी टिकते की सुटते हे ठरू शकते. अडचण अशी की अठरापैकी तेरा कामे शरीराची आहेत आणि समजणे, बोलणे, लोकांशी वागणे, अडचण सोडवणे, लक्षात ठेवणे ही पाचच कामे मनाची आहेत. पक्षाघाताला किंवा मणक्याच्या इजेला हे माप ठीक बसते. डोक्याला मार लागलेल्या तरुणाला मात्र वर्षभरात ते अपुरे पडू लागते, कारण तो अंघोळ, कपडे, जिना यांत पूर्ण गुणांजवळ पोचतो आणि पट्टी तिथेच संपते. म्हणून या पट्टीला मन, वर्तन आणि समाजातला वावर यांवरच्या आणखी बारा बाबी जोडल्या गेल्या. अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेने तर ऑक्टोबर २०१९ पासून ‘फिम’ बाजूला सारून दुसरीच नोंदपद्धत स्वीकारली. त्यामुळे जुन्या आणि नव्या आकड्यांची थेट तुलना करणे अवघड होऊन बसले, हा भाग वेगळा.

पट्टी जिथे संपते त्यापलीकडे काय असते, हे ऑक्युपेशनल थेरपी विभागातल्या छोट्या स्वयंपाकघरात दिसते. रुग्णाला चहा करायला सांगतात. त्याला कृती विचारली तर तो बिनचूक सांगतो. करायला घेतल्यावर पातेल्यात पाणी घेतो, साखर घालतो, गॅस पेटवायचा राहतो. मग दूध शोधताना फ्रिजमधला डबा उघडून त्यात काय आहे ते बघत उभा राहतो. कोणी काही बोलले नाही तर तो तिथेच थांबतो. थेरपिस्टने ‘पुढे काय?’ एवढेच विचारले की काम पुन्हा सुरू होते. हात शाबूत आहेत, चहा कसा करतात हेही डोक्यात शाबूत आहे. एका पायरीवरून पुढच्या पायरीवर नेणारी आतली सूचना मात्र उमटत नाही.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टिम शॅलिस आणि पॉल बर्जेस यांनी १९९१ साली हीच गोष्ट रस्त्यावर नेऊन मोजली. डोक्याच्या अपघातात मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेले त्यांचे तीन रुग्ण बुद्धिमापन चाचणीत हुशार ठरत होते. त्यांना बाजारपेठेत नेऊन काही साधी कामे दिली गेली : अमुक वस्तू विकत घ्या, अमुक वेळी अमुक जागी हजर राहा, काही माहिती मिळवा, आणि हे करताना थोडे नियम पाळा, जसे की खरेदी करायची नसेल तर दुकानात शिरू नका. निरोगी माणसांच्या तुलनेत हे तिघे सपशेल कोलमडले. खोलीत, टेबलावर, समोर बसलेला परीक्षक एकेक प्रश्न विचारत असताना ज्या उणिवा झाकल्या जातात, त्या बाजारात उघड्या पडतात. शांत, आखीव वेळापत्रकाचा आणि सतत कोणी ना कोणी आठवण करून देणारा पुनर्वसन विभागही या अर्थाने परीक्षकाच्या खोलीसारखाच असतो, आणि तिथून घरी जाताना मोजलेले गुण घरी तसेच का दिसत नाहीत याचे उत्तर बहुतांशी यात आहे.

मग या मुक्कामाचा उपयोग होतो हे सिद्ध कसे करायचे? पहिले काही महिने मेंदू आपणहून सावरत असतो. सूज उतरते, इजेमुळे गप्प बसलेले शेजारचे भाग पुन्हा बोलू लागतात, वाचलेले तंतू नवे जोड शोधतात. त्याच महिन्यांत थेरपीही चालू असते. श्रेय कोणाला किती द्यायचे हे ठरवायला निम्म्या रुग्णांना थेरपीवाचून ठेवणे योग्य नाही, त्यामुळे संशोधकांना आडवाटा शोधाव्या लागल्या.

अमेरिकेच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयाने केलेला आणि २००० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या क्षेत्रात आजही वादाचा विषय आहे. मध्यम ते गंभीर इजा झालेल्या १२० सैनिकांची चिठ्ठी टाकल्यासारखी विभागणी केली गेली. काहींना रुग्णालयात ठेवून आठ आठवडे बौद्धिक पुनर्वसन दिले, बाकीच्यांना घरी पाठवून सरावाची माहिती दिली आणि एका नर्सने दर आठवड्याला फोनवरून त्यांची विचारपूस केली. वर्षभराने रुग्णालयातल्या गटातले ९० टक्के आणि घरच्या गटातले ९४ टक्के कामावर होते. म्हणजे नाव घेण्याजोगा फरक नाही! पण हे निवडलेले सैनिक होते, चालतेफिरते होते, त्यांची नोकरी त्यांची वाट पाहत होती आणि घरी सांभाळणारे कोणी होते. त्यांतल्या तासाभरापेक्षा जास्त वेळ बेशुद्ध राहिलेल्यांकडे वेगळे पाहिले, तर रुग्णालयातल्या गटातले ८० टक्के आणि घरच्या गटातले ५८ टक्के पुन्हा लष्करी सेवेस योग्य ठरले. एकूण निकाल हाती आल्यावर आतला एखादा गट वेगळा काढून केलेल्या अशा तुलनेवर फार भार टाकू नये हे खरे, तरी तिने एक दिशा दाखवली : ज्याला इजा कमी, तो सल्ला आणि धीर यांवरही सावरतो, मुक्कामाच्या पुनर्वसनाचा फायदा शोधायचा तर तो जबर इजा झालेल्यांत शोधावा.

नॉर्वेतल्या एका अभ्यासाने नेमके तेच केले. ऑस्लोच्या आघात केंद्रात गंभीर इजा झालेल्या रुग्णांपैकी काहींना अतिदक्षता विभागातच थेरपी सुरू होऊन तिथून थेट पुनर्वसन विभागात खाट मिळत होती. खाटा अपुऱ्या असल्याने बाकीचे मध्ये आपापल्या भागातल्या रुग्णालयांत जाऊन, वाट पाहून, मग पुनर्वसनाला येत होते. नादा आंदेलिच आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली या ६१ रुग्णांची तुलना मांडली. वर्षभरानंतर न तुटलेल्या साखळीतल्या ७१ टक्के रुग्णांचे फलित चांगले होते. साखळी तुटलेल्यांत ते प्रमाण ३७ टक्के होते. रुग्ण थोडे होते आणि विभागणी चिठ्ठीने झाली नव्हती, पण फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. लंडनच्या लिन टर्नर-स्टोक्स यांच्या नेतृत्वाखाली २०१५ साली सुधारून प्रसिद्ध झालेल्या, आधीच्या अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन आढाव्यातही हाच सूर आहे : सौम्य इजेत बहुतेकांना माहिती आणि सल्ला पुरतो, मध्यम आणि गंभीर इजेत जास्त तीव्रतेचे पुनर्वसन दिल्यास सुधारणा लवकर येते. टर्नर-स्टोक्स यांच्याच गटाने इंग्लंडमधल्या सुमारे ५,७०० रुग्णांच्या नोंदींवरून खर्चाचा हिशेब केला, तेव्हा मज्जासंस्थेच्या आजारांनी वा इजांनी सर्वाधिक परावलंबी झालेल्यांवरचा पुनर्वसनाचा खर्च, पुढे वाचलेल्या काळजीखर्चातून साधारण १४ महिन्यांत भरून निघत होता. सर्वांत वाईट अवस्थेतल्या रुग्णावर पैसा घालणे वाया जाते, या समजुतीला हा आकडा चांगलाच छेद देतो.

कोणती थेरपी कामाची, हे शोधायला अमेरिका आणि कॅनडातल्या दहा केंद्रांनी २,१३० रुग्णांच्या मुक्कामातल्या प्रत्येक सत्राची नोंद ठेवली. इजा किती खोल आणि रुग्ण कोणत्या अवस्थेत आला, यावरच फलिताचा मोठा वाटा ठरत होता. थेरपीचा वाटा त्यामानाने लहान होता. पण त्या लहान वाट्यात फरक होते. सत्रांत रुग्ण किती मन लावून कष्ट घेतो याचा संबंध चांगल्या फलिताशी दिसला. सुट्या सुट्या व्यायामांऐवजी खऱ्या जगण्यातल्या कामांभोवती बेतलेली थेरपी ज्यांना जास्त मिळाली, ते घरी गेल्यावरच्या वर्षात लोकांत अधिक मिसळत होते.

शुद्धीवर न येताच पुनर्वसनाला आलेल्यांची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण त्यांच्याबाबतीत निराशा फार लवकर पदरी घेतली जाते. दाखल होताना साध्या सूचनेलाही प्रतिसाद न देणाऱ्या ३९६ रुग्णांचा अमेरिकी पाठपुरावा २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यांतले ६८ टक्के पुनर्वसनाच्या मुक्कामातच भानावर आले, आणि पाच वर्षांनी ज्यांची माहिती मिळाली त्यांतले सुमारे एकपंचमांश घरात देखरेखीवाचून राहू शकत होते. त्याच वर्षी जोसेफ जियासिनो आणि जॉन व्हाइट यांनी तीन देशांतल्या ११ केंद्रांत १८४ रुग्णांवर केलेली अमँटाडिन या जुन्या, स्वस्त औषधाची चाचणी प्रसिद्ध झाली. इजेला ४ ते १६ आठवडे झालेल्या, भानावर न आलेल्या किंवा जेमतेम भान असलेल्या या रुग्णांना चार आठवडे औषध दिले, तेव्हा खोट्या गोळीच्या तुलनेत सुधारणेचा वेग वाढला. औषध थांबवल्यावर पुढच्या दोन आठवड्यांत मात्र तो वेग मंदावला आणि दोन्ही गट जवळजवळ सारख्याच ठिकाणी आले. औषधाने वाट लवकर कापली गेली. पोचण्याचे ठिकाण पुढे सरकले का, याचे उत्तर त्या चाचणीत नाही.

घरी गेल्यावरच्या वर्षांचा सर्वांत मोठा लेखाजोखा अमेरिकेच्या ‘टीबीआय मॉडेल सिस्टिम्स’ (टीबीआय म्हणजे अपघाताने मेंदूला झालेली इजा) या कार्यक्रमात आहे. १९८७ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात मध्यम ते गंभीर इजेनंतर मुक्कामाचे पुनर्वसन घेतलेल्या रुग्णांना पहिल्या, दुसऱ्या आणि पाचव्या वर्षी, आणि नंतर दर पाच वर्षांनी गाठून माहिती घेतली जाते. पाच वर्षांनंतरचे चित्र असे : २२ टक्के रुग्ण मरण पावलेले, ३० टक्क्यांची अवस्था आधीपेक्षा खालावलेली, २२ टक्के होते तिथेच आणि २६ टक्के आणखी सुधारलेले. इजेपूर्वी नोकरी करणाऱ्यांपैकी ५५ टक्क्यांना काम नव्हते. निम्मे जण या काळात पुन्हा रुग्णालयात जाऊन आले होते.

या आकड्यांतला जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो ३० आणि २६ टक्क्यांचा आहे. ‘पहिल्या वर्षात जे काय यायचे ते येते, नंतर काही बदलत नाही’ असे रुग्णाच्या घरच्यांना आजही सर्रास सांगितले जाते. इथे निम्म्याहून जास्त रुग्ण नंतरच्या काळात बदलले, कोणी वर गेले, कोणी खाली आले. खाली येण्याची काही कारणे उपचार करण्याजोगी असतात. मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साठून चालणे आणि लघवीवरचा ताबा पुन्हा बिघडतो, आणि ते पाणी शंट नावाची बारीक नळी बसवून काढता येते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला धक्का बसल्याने संप्रेरके कमी पडून माणूस सदा थकलेला राहतो. महिन्यांनी किंवा वर्षांनी फिट येऊ लागतात. नैराश्य तर इतके सामान्य आहे की ते आळस म्हणून खपून जाते. डिस्चार्जनंतर कोणी पाहिलेच नाही, तर यांतले प्रत्येक कारण ‘डोक्याला मार लागला होता ना’ या एका वाक्याखाली गाडले जाते.

विचारायचे कोणाला, हा प्रश्नही इथेच येतो. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्या कित्येक रुग्णांना आपल्यातली उणीव जाणवत नाही. पाय लटका पडतो हे ते मान्य करतात. राग आवरत नाही किंवा विसरायला होते हे मात्र त्यांना मान्य होत नाही, आणि हा हट्ट नसून इजेचाच भाग असतो. त्यामुळे चांगले अभ्यास रुग्णाला आणि त्याच्याबरोबर राहणाऱ्याला वेगवेगळे प्रश्न विचारतात आणि दोन उत्तरांतल्या अंतराचीही नोंद घेतात. पहिल्या महिन्यांत हे अंतर मोठे असते. पुढे ते कमी झाले, तर रुग्णाची स्वतःबद्दलची जाण परतते आहे असे समजावे, पण नेमके त्याच सुमारास त्याला नैराश्य येण्याचा धोका वाढतो, याची कल्पना घरच्यांना आधी दिलेली बरी.

आपल्याकडे हे सगळे किती लागू पडते? केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. मृतांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते. जखमींतल्या किती जणांच्या मेंदूला इजा झाली आणि त्यांचे पुढे काय झाले, हे या अहवालातून कळत नाही. मुंबईत हाजी अली येथे १९५५पासून अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू व मनोविकारांच्या राष्ट्रीय संस्थेमध्ये मज्जासंस्थेच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र विभाग आहे, मोठ्या शहरांत काही खासगी केंद्रेही निघाली आहेत. तरी न्यूरोसर्जरीच्या वॉर्डातून पुनर्वसनाचा टप्पा न लागता थेट घरी जाणारे रुग्णच आपल्याकडे अधिक दिसतात. राईल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातल्या नळीतून, पातळ पेज कशी द्यायची, दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, हे त्यांची बायको किंवा आई वॉर्डातल्या सिस्टरकडून दोन दिवसांत शिकून घेते, आणि पुढचे पुनर्वसन म्हणजे घरी येणारा फिजिओथेरपिस्ट, तोही परवडेल तितके दिवस. हातपाय हलवून घेतले जातात. स्मृती, वर्तन आणि कामाचा क्रम यांकडे पाहणारे कोणी नसते.

कायद्याच्या बाजूनेही फट आहे. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या यादीत २१ प्रकार आहेत, पण मेंदूची इजा हा स्वतंत्र प्रकार त्यांत नाही. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. ज्याचा हात किंवा पाय गेला त्याचे टक्के काढणे सोपे असते. चालत जाऊन प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय मंडळासमोर उभ्या राहणाऱ्या आणि सगळ्या प्रश्नांची नीट उत्तरे देणाऱ्या माणसाला चहाचे पातेले गॅसवर ठेवून पुढे काय करायचे ते सुचत नाही, हे त्या दहा मिनिटांत दिसणे अवघड आहे.

पाठपुराव्यासाठी मात्र फार मोठी यंत्रणा लागत नाही. जेनेट आणि बाँड यांच्या पट्टीच्या आठ पायऱ्या ठरवण्यासाठी १९९८ साली एक ठरावीक मुलाखत तयार झाली. ती फोनवरही घेता येते आणि थोड्या प्रशिक्षणानंतर परिचारिका किंवा समाजसेवकही ती घेऊ शकतात. घरात रोज कोणाची मदत लागते का? लागत असेल, तर आठ तास त्यांना एकटे ठेवता येते का? मदतीवाचून ते बाजारहाट करतात का, एसटीने किंवा रिक्षाने एकटे प्रवास करतात का? पूर्वीचे काम करू शकतात का, की कमी क्षमतेने करतात? घरात रोज भांडण होते, की आठवड्यातून एकदा? आणि यांतल्या प्रत्येक विषयाला जोडून आणखी एक प्रश्न असतो, जो घाईत राहून जातो आणि ज्याच्यावाचून बाकीच्या उत्तरांचा अर्थ लागत नाही : अपघाताच्या आधी हे कसे होते?